भोंगा खरा आहे का? रेडिओ माहितीपट करणाऱ्यांच्या एका मेळाव्याविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? रेडिओवाल्या बाईला हे विचारावं लागतंय म्हणजे कमालच आहे. (हशा)

संयोजकांनी मला विषय दिला होता 'रेडिओ माहितीपट'. हा विषय मोठा आहे आणि मला सगळा येतही नाही. म्हणून मी तो जरा बारीक केलाय. रेडिओ माहितीपट स्वतंत्रपणे करणारी माणसं, म्हणजे कुठल्याही केंद्रात नोकरीला नसलेली माणसं, एकत्र जमतात तेव्हा काय करतात, आणि अशा एका मेळाव्यात माझी चोरी कशी पकडली गेली, ते मी सांगणार आहे. चोरी हा शब्द मी विचार करून वापरतेय.

आधी शब्दाबद्दल थोडं. 'माहितीपट' हा शब्दच मुळात आपल्यासाठी अडचणीचा, कारण त्यात 'पट' आहे आणि आमच्याकडे पडदा कुठे असतो? आकाशवाणीचा जुना शब्द आहे 'रूपक'. तुमच्यातल्या अनेकांनी लहानपणी रात्री साडेनऊ-दहाला रूपकं ऐकली असतील. पण रूपकात बहुतेक वेळा आधी संहिता लिहिली जायची, मग कलाकार स्टुडिओत येऊन ती वाचायचे, आणि मग मागे संगीत चढायचं. मी ज्याबद्दल बोलतेय त्यात क्रम उलटा असतो. आधी ध्वनिमुद्रण. तुम्ही रेकॉर्डर घेऊन माणसांकडे जाता, त्यांच्या घरात बसता, त्यांच्याबरोबर बाजारात फिरता. वीस, तीस, चाळीस तासांचं मुद्रण गोळा होतं. ते सगळं ऐकायचं, उतरवून काढायचं, आणि त्यातून पंचवीस मिनिटं शिल्लक ठेवायची. लिहायचं सगळ्यात शेवटी, तेही लागलंच तर.

हे आपल्याकडे कधी झालंच नाही असं मात्र नाही. आकाशवाणीच्या मेलविल डी मेलो यांना गीरच्या सिंहांवरच्या त्यांच्या कार्यक्रमासाठी १९६४ साली 'प्री इटालिया' मिळालं होतं. रेडिओच्या जगातला हा फार मानाचा पुरस्कार, १९४८ साली सुरू झालेला. गांधीजींच्या अंत्ययात्रेचं तासन्‌तास धावतं वर्णन करणारे डी मेलो म्हणून लोक त्यांना ओळखतात, सिंहांची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. पण ते नोकरीत होते. त्यांच्यामागे केंद्र होतं, गाडी होती, तंत्रज्ञ होते. स्वतंत्र माणसामागे काय असतं? वीजबिल. (हशा)

तर मेळावा. शिकागोला 'थर्ड कोस्ट' नावाचा एक ध्वनिमहोत्सव २००० साली सुरू झाला. जोहाना झोर्न आणि ज्युली शपिरो या दोघींनी, 'डब्ल्यूबीईझेड' या तिथल्या सार्वजनिक रेडिओ केंद्रातून. अमेरिकेला दोन किनारे आहेत, एक अटलांटिकचा आणि दुसरा पॅसिफिकचा. पण मिशिगनसारख्या अफाट तळ्याच्या काठी राहणारे लोक म्हणतात, आमचा तिसरा. तिथे उभं राहिल्यावर मला ते पटलं. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, फक्त खारा वास नाही.

मी गेले ती गोष्ट २०१४च्या आधीची आहे. साल मुद्दाम सांगतेय. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये 'सीरियल' नावाची ध्वनिमालिका आली आणि पॉडकास्ट हा शब्द घरोघरी गेला. त्याच्या आधी हे सगळं जरा गरिबाघरचं लग्न होतं. मी स्वतःच्या पैशांनी गेले, म्हणजे निम्मे माझे आणि निम्मे भावाचे उसने. शिकागोच्या उपनगरात मावसभाऊ राहतो, त्याच्याकडे उतरले. वहिनीने पहिल्याच रात्री पिठलं-भात वाढत विचारलं, "रेडिओचं संमेलन? रेडिओ अजून असतो का गं?" तिच्या गाडीत रोज सकाळी तासभर रेडिओच चालू असायचा, पण तो तिच्या लेखी रेडिओ नव्हता, 'बातम्या' होत्या.

मेळावा शहराच्या उत्तरेला, एव्हन्स्टनला होता. आता तिथे नेमकं काय चालतं? बाहेरून बघाल तर काहीच नाही. एका दालनात माणसं खुर्च्यांवर बसलेली असतात, दिवे मंद करतात, आणि सगळे ऐकतात. बस. सिनेमाच्या महोत्सवात निदान बघायला पडदा असतो. इथे कुठे बघायचं हेच कळत नाही. काही जण डोळे मिटतात, काही बुटांकडे बघतात. माझ्या शेजारची बाई विणत होती. पहिल्या दहा मिनिटांत मला वाटलं, एवढे पैसे खर्च करून हे काय? हे मला दादरला कानाला हेडफोन लावून ऐकता आलं असतं.

पण फरक आहे. घरी तुम्ही ऐकता तेव्हा तुम्हाला फक्त कार्यक्रम ऐकू येतो. दालनात तुम्हाला लोकांचं ऐकणंही ऐकू येतं. कुठे खोकला सुरू झाला, कुठे खुर्च्या कुरकुरल्या, कुठे विणायच्या सुया थांबल्या. नाटकवाल्यांना हे रोजच्या अनुभवाचं आहे. रेडिओवाल्याला ते कधीच मिळत नाही. तो खोलीत एकटा बसून काम करतो आणि हवेत सोडून देतो. पुढे कोण ऐकतं, कुठल्या वाक्याला उठून गॅस बंद करायला जातं, काही कळत नाही.

एकत्र ऐकण्याची ही पद्धत अमेरिकेतली नव्हे, ती युरोपात त्याआधीच रुजली होती. बर्लिनचे पेटर लेओनहार्ड ब्राउन यांनी १९७५ साली आंतरराष्ट्रीय फीचर परिषद सुरू केली. वेगवेगळ्या देशांतले लोक जमतात, एकमेकांचं काम पूर्ण ऐकतात आणि मग त्यावर बोलतात. 'मला आवडलं' एवढं म्हणून तिथे सुटका नसते. या ब्राउन यांचं नाव लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

शिकागोला गेल्यावर आणखी एक काम चुकवता येत नाही. 'घेटो लाइफ १०१'. १९९३ सालचं आहे. डेव्हिड आयसे या निर्मात्याने शहराच्या दक्षिण भागातल्या गरीब वस्तीतली दोन मुलं गाठली. लीअॅलन जोन्स तेरा वर्षांचा, लॉइड न्यूमन चौदा वर्षांचा. त्यांच्या हातात रेकॉर्डर दिला आणि म्हटलं, तुमचं आयुष्य तुम्हीच मुद्रित करा. त्यांनी दहा दिवस केलं. घरातल्या माणसांना प्रश्न विचारले, रस्त्यावर फिरले, बसमधून फिरले. ऐकताना लक्षात येतं की बाहेरून आलेला कुठलाही पत्रकार जो प्रश्न विचारायला कचरला असता, तो मुलगा आपल्या घरच्यांना सहज विचारतो. माझ्या डोक्यात हे इतकं बसलंय की आजही कुणाकडे मुद्रणाला गेले की मनात येतं, हा रेकॉर्डर माझ्या हातात कशाला? तिच्या नातीच्या हातात का नाही?

ठीक. आता पैशांबद्दल, कारण मेळाव्यात खरी गर्दी त्या विषयाला असते, भले कार्यक्रमपत्रिकेत तो शेवटच्या पानावर असो. अमेरिकेत सार्वजनिक रेडिओची केंद्रं देशभर पसरलेली आहेत आणि ती बाहेरच्या माणसांकडून काम विकत घेतात. त्यामुळे तिथे 'स्वतंत्र निर्माता' हा धंदा होऊ शकतो. १९८८ साली या लोकांनी आपली संघटना काढली. ती दरांबाबत मार्गदर्शन करते, म्हणजे किती मिनिटांच्या कामाला किती मागायचे याचा काही आधार मिळतो. २००३पासून 'पीआरएक्स' नावाची व्यवस्था आहे. तुमचं तयार काम तिथे ठेवायचं, केंद्रं ऐकून हवं ते घेतात. ऐकायला सुंदर वाटतं. पण सकाळी न्याहारीच्या टेबलावर जे बोलणं चालायचं ते आपल्याकडच्या अनुवादकांच्या, छायाचित्रकारांच्या बोलण्यासारखंच होतं. "तुला मिनिटाला किती देतात?" "चेक कधी आला?" "दुरुस्त्या किती वेळा करून घेतल्या?"

एकाने मला विचारलं, तुझ्या पंचवीस मिनिटांना किती तास लागले? मी कधी मोजलेच नव्हते. त्याने कागदी रुमालावर हिशोब मांडला. मुद्रण, प्रवास, उतरवणं, संकलन. माझा दर ताशी किती पडतो ते निघालं. मी तो रुमाल घरी आणला नाही. (हशा) माझ्या त्या कामाला इथल्या एका केंद्राने 'प्रसिद्धी मिळेल' एवढंच मानधन दिलं होतं. नाव घेत नाही. पण तेव्हापासून मी वहीत तास लिहिते. परतल्यावर पहिली गोष्ट शिकले असेन तर ती ही, ध्वनीबद्दलची नव्हेच.

आता चोरीकडे येते.

माझं काम होतं गिरणीच्या भोंग्यावर. तरुण मंडळींसाठी सांगते. लालबाग, परळ, शिवडी, भायखळा हा सगळा भाग म्हणजे गिरणगाव. गिरण्या पाळ्यांमध्ये चालायच्या आणि पाळीच्या वेळी भोंगा वाजायचा. घड्याळ घेणं परवडत नसे, गरजही नसे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. त्यानंतर गिरण्या एकेक करत गेल्या, त्यांच्याबरोबर भोंगे गेले. मी भोंग्याभोवती माणसं शोधली. एक साचेवाले आजोबा, साच्यांच्या खडखडाटाने कान गेलेले. एक काकू, ज्यांची चाळीत खानावळ होती, वीस-बावीस कामगार जेवायला. त्या म्हणायच्या, भोंग्याआधी पीठ मळून हवं, भोंगा झाला की तवा तापलेला हवा.

सगळं जमलं, पण भोंगाच नव्हता. कार्यक्रम भोंग्यावर आणि भोंग्याचा आवाज नाही! मी तो कुठे मुद्रित करणार? म्हणून मी इंटरनेटवरून एक उतरवून घेतला. फुकट मिळणारे ध्वनिपरिणाम असतात ना, त्यातला एक 'कारखान्याचा भोंगा'. तो तीन ठिकाणी लावला. पहाटे, दुपारी आणि शेवटी. इथे ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी सांगितलं, भोंगा ऐकून अंगावर काटा आला.

मेळाव्यातल्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आम्ही पाच-सहा जण कोपऱ्यात बसलो होतो. ज्याने त्याने आपलं थोडं थोडं ऐकवायचं असं ठरलं. मी सात मिनिटं ऐकवली. त्यांना मराठी येत नव्हतं, मी इंग्रजीत भाषांतराचे कागद वाटले होते. संपल्यावर एक बाई, उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदराच्या गावातली, मला विचारते, "गिरणी समुद्राजवळ आहे का?" मी म्हटलं, हो, मुंबईत सगळंच समुद्राजवळ. ती म्हणाली, "असं होय. भोंग्याच्या शेवटी सीगल ओरडतो."

सीगल म्हणजे आपला कुरव पक्षी. मी म्हटलं, कुठे? तिने पुन्हा लावायला सांगितलं. भोंगा खाली येतो, विरतो, आणि अगदी विरता विरता, खरंच, एक पक्षी. मी ते सहा महिने ऐकत होते आणि मला तो कधी ऐकू आला नव्हता. मी सावरून घ्यायला गेले. म्हटलं, आमच्याकडे कुरव येतात, हिवाळ्यात. ती शांतपणे म्हणाली, "पण तुझ्या कागदावर इथे जूनचा पाऊस आहे. आणि पुढच्या दोन्ही भोंग्यांनंतर तो तिथेच ओरडतो. तोच पक्षी, तसाच."

मग दुसरा एक जण बोलला. म्हणाला, मला पक्षी कळला नव्हता, पण तुझ्या भोंग्याला खोली नाही असं वाटत होतं. हे जरा समजावून सांगते, कारण ही आमच्या धंद्यातली मूळ गोष्ट आहे. कुठलाही आवाज एकटा नसतो. तो ज्या जागेत वाजतो ती जागा त्याला चिकटून येते. आत्ता मी बोलतेय तर या सभागृहाची मागची भिंत माझ्या आवाजात आहे, पंखे आहेत, तुम्ही आहात. म्हणूनच मुद्रण संपल्यावर आम्ही सगळ्यांना गप्प बसवतो आणि मिनिटभर नुसती रिकामी खोली मुद्रित करतो. यजमानांना वाटतं बाईला वेड लागलं. पण पुढे दोन वाक्यं जोडताना मधे ती खोलीच घालावी लागते. तिथे निव्वळ शांतता ठेवली तर कानाला खड्डा पडल्यासारखं होतं. आता चाळींच्या मधल्या गल्लीत भोंगा वाजला तर तो भिंतींवर आपटणार, कावळे उठणार, कुणीतरी नळाखालची बादली बाजूला ओढणार. माझा भोंगा कुठल्यातरी मोकळ्या धक्क्यावरचा होता, बहुधा जहाजाचा. तो काकूंच्या स्वयंपाकघरात वाजत होता आणि काकूंच्या घरातलं काहीच हलत नव्हतं.

मी कबूल केलं. कुणी ओरडलं नाही, उपदेशही केला नाही. त्या बाईने एवढंच विचारलं, "तुझ्या लोकांना हे माहीत आहे का?" म्हणजे आजोबांना, काकूंना. मी त्यांना ऐकवलंच नव्हतं. ज्यांनी तो भोंगा आयुष्यभर ऐकला, त्यांच्यापुढे मी परदेशी जहाजाचा भोंगा ठेवला असता तर त्यांनी पहिल्या सेकंदाला ओळखलं असतं, आणि हे मला आतून कुठेतरी ठाऊक होतं. ऐकवायला मी त्यांच्याकडे गेले नाही, 'वेळ झाला नाही', असं मी स्वतःला सांगत होते. त्या रात्री भावाकडे झोप लागली नाही.

निघताना त्यांच्यातल्याच एकाने ब्राउन यांचं 'ग्लोकेन इन ऑयरोपा' ऐकायला सांगितलं. युरोपातल्या घंटांवर आहे, १९७३चं, त्यालाही 'प्री इटालिया' मिळालंय. ब्राउन गावोगावच्या चर्चच्या घंटांपाशी जाऊन, तेव्हा नवीन असलेल्या स्टिरिओ पद्धतीने मुद्रण करत हिंडले. घंटा वाजतात ते तर आहेच, पण युद्धकाळात घंटा उतरवून वितळवल्या गेल्या तेही आहे. जो आवाज उरला नाही त्याच्याबद्दल आवाजातूनच कसं बोलायचं, हा माझाच प्रश्न होता. मी मात्र त्याची पळवाट काढली होती.

परत आल्यावर मी तिन्ही भोंगे काढून टाकले. पंचवीस मिनिटांचं काम चक्क लंगडं झालं. मग काकूंकडे गेले आणि खरं ते सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आधी विचारायचं नाहीस का? मी काढून दाखवला असता." आणि त्यांनी तोंडाने भोंगा काढला. सुरुवातीला खर्जात, मग चढत, मग लांब. शेजारच्या खोलीतून एक गृहस्थ ओरडले, "असा नव्हता हो, हा तर पलीकडच्या गिरणीचा!" आणि त्यांनी आपला काढला. दोघांचं भांडण लागलं. संध्याकाळपर्यंत त्या मजल्यावर नऊ माणसांनी मला नऊ भोंगे काढून दाखवले. कुणाचा नुसता जाड, कुणाचा मधेच फाटणारा, एकाचा शेवटी दोन झटके देणारा. आजोबांना कान नाहीत, पण त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की भोंगा इथे लागायचा, आणि त्यांनीही काढला. तो सगळ्यात खालच्या स्वराचा होता.

(श्रोत्यांमधून प्रश्न: पण हे भोंगेही खरे नाहीतच की.)

बरोबर आहे तुमचं. गिरणीचा भोंगा म्हणून ते खरे नाहीत. पण ऐकणाऱ्याला ते तोंडाने काढलेत हे कळतं. मी त्याला फसवत नाहीये. आणि मागे चाळ आहे. नळ आहे, कुकरची शिट्टी आहे, जिन्यावरून पळणारी मुलं आहेत. जागा खरी आहे. या प्रश्नावर रात्रभर वाद घालणारी माणसं मला त्या मेळाव्यात भेटली, तुम्हीही त्यांच्यात शोभाल. (हशा)

असा मेळावा आपल्याकडे का नाही, असं मला नेहमी विचारतात. थोडक्यात सांगते. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पण त्यानंतर लिलावात गेलेल्या खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे तिथे गाणी आणि गप्पा. २००६च्या धोरणाने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी मिळाली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे. चांगलं काम आहे, पण त्यांचं क्षेत्र काही किलोमीटरचं आणि खिसा त्याहून लहान. बाहेरच्या माणसाचं काम विकत घेणारं कुणी नाही. धंदाच नाही तर धंदेवाल्यांचा मेळावा कसा भरणार?

तरी आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमतो. कुणाच्या तरी घरी, चहा ज्याच्या घरी त्याचा. नियम एकच आहे. ऐकवण्याआधी करणाऱ्याने काही बोलायचं नाही. 'हे अजून कच्चं आहे', 'इथे जरा आवाज खराब आहे', असलं काही नाही. मागच्या महिन्यात एका मुलीने आपल्या आजीच्या गोधडीवरचं ऐकवलं आणि संपल्यावर कुणीतरी तिला विचारलं, ही कात्री आजीचीच का? ती गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा मला एव्हन्स्टनचा तो कोपरा आठवला, आणि मी तिच्यासाठी चहा ठेवायला उठले.

वेळ झालीय, संयोजक घड्याळ दाखवतायत. काकू आता नाहीत, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या मजल्यावरच्या त्या संध्याकाळची चार मिनिटं मी आणलीयेत. भाषांतराचे कागद इथे लागणार नाहीत. मागचे दिवे कुणी घालवाल का? आणि पंखे पण, दोनच मिनिटं चालेल ना?

… धन्यवाद. हं, लावा.